चौथा तास

अर्धी दाढी झाली होती तेव्हा तो आवाज आला. आला म्हणजे काय, तो होताच. आमच्या इमारतीचा पाणी चढवायचा पंप पहाटे पाचला सुरू होतो आणि आता सव्वाआठ झाले होते, म्हणजे केव्हापासून तो वाजत असणार. मला आत्ता ऐकू आला, इतकंच. न्हाणीघराच्या भिंतीतून वर जाणारा पाइप, त्यातून येणारी रोजची घूं-घूं, आणि तिच्या पार तळाशी, कोरड्या घशानं कुणी आवंढा गिळावा तसं काहीतरी. गिळलं. थांबलं. परत गिळलं. मी वाकून नळाला कान लावला. नळ थंडगार होता आणि त्याला माझ्या गालाचा फेस लागला. एकावन्न वर्षांचा माणूस, तीनशे दहा कामगारांच्या कंपनीचा मुख्य, उघड्या अंगानं नळाशी कानगोष्टी करतोय! बायको दाराबाहेरून म्हणाली, "अहो, आटपा की. आज उशीर करून चालणार नाहीये." "आलोच," म्हणालो आणि नळ काही सोडला नाही. बेअरिंग. मोटरकडच्या बाजूचं. शंकाच नको. पंप आमचाच, आमच्या कारखान्यातला. दोन महिन्यांपूर्वी मीच सवलतीत बसवून दिला होता आणि इमारतीच्या सभेत टाळ्याही घेतल्या होत्या. बाकीची अर्धी दाढी मी कशी केली मला आठवत नाही, पण हनुवटीखाली कापलं होतं, ते संध्याकाळपर्यंत चुरचुरत होतं.

आज अकरा वाजता मला एका कागदावर सही करायची होती. कागद तसे पुष्कळ होते, दोन जाडजूड फायली भरून, पण माझ्या झोपेत येत होता तो एकच, एकोणिसावा. कंपनी विकली जाणार होती. घेणारे मोठे होते, भाव त्याहून मोठा होता, आणि एकोणिसाव्या कागदावर लिहिलं होतं की व्यवस्थापनाच्या माहितीप्रमाणे कंपनीने आजवर विकलेल्या मालात कोणताही मूलभूत दोष नाही. खाली माझं नाव आणि नावाखाली रिकामी रेघ. काल संध्याकाळपर्यंत ती रेघ म्हणजे नुसती रेघ होती. माहितीप्रमाणे! काल मला माहिती नव्हती का? होती. पण माहीत असणं आणि कानावर येणं यात फरक असतो, तो फरक धरून मी चार वर्षं सुखात काढली होती. आणि तो मेला नळ आज सकाळी बोलला.

नाश्त्याच्या टेबलावर बाबा बसले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. ही कंपनी त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये काढली. ज्या माणसानं अख्ख्या कारखान्याला ऐकायला शिकवलं तो आता ठार बहिरा आहे. यंत्रं लावून झाली, डॉक्टर झाले. आता आम्ही त्यांच्यासाठी टेबलावर एक वही आणि पेन्सिल ठेवतो. जे सांगायचं ते लिहायचं, बाबा वाचतात आणि उत्तर मात्र तोंडानं देतात, तेही तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. पण गंमत अशी की त्यांचे तळहात ऐकतात. टेबलावर हात पालथे ठेवून बसले की कोण खोलीत आलं ते मागे न बघता सांगतात. मी आलो तसे म्हणाले, "जावईबापू, आज डावा पाय जड पडतोय." मी हसलो. बायको चहा ओतत म्हणाली, "आज सही ना? मग सुतकी चेहरा कशाला?" मी म्हणालो, "खालचा पंप वाजतोय." ती म्हणाली, "पंप आहे तो, वाजणारच. गप्प बसला तर काळजी करा." मग जरा मऊ होऊन, "हे बघा, आज काही काढू नका. वीस वर्षं झाली, आपण दोघं एकदाही आठवडाभर कुठे गेलो नाही. आज सही होऊ दे, मग तुम्हाला काय वाजवायचं ते वाजवा. आणि हो, बाबांच्या न्हाणीघरातला दिवा गेलाय, कुणाला तरी सांगा." बाबा आमच्या ओठांकडे बघत होते. विक्रीचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. 'नवा भागीदार येतोय' एवढंच वहीत लिहिलं होतं. त्यांचे शेअर तीन वर्षांपूर्वीच मुलीच्या नावावर झालेले, त्यामुळे त्यांची सही लागत नव्हती. सही लागत नसली की माणसाला किती गोष्टी सांगायच्या राहतात.

गाडीकडे जाता जाता मी पंपाच्या खोलीत शिरलो. कशाला शिरलो? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. खोलीत ओल्या सिमेंटचा वास होता, दिवा पिवळा. पंपाच्या अंगावर हात ठेवला तर असायला हवा त्याहून गरम. मग मी ते केलं जे चार वर्षांत एकदाही केलं नव्हतं. गुडघ्यावर बसलो, मोबाइलचा दिवा लावला आणि पंपाच्या बुडाशी, आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे बघितलं. तिथे खडूच्या रेघेचा एक गोळा होता. पूर्ण, नीट गोल, हात न कापता काढलेला. मी तसाच बसून राहिलो, एका गुडघ्याला ओल लागेपर्यंत.

तो गोळा काय, हे सांगायला मला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं. लग्न ठरलं आणि बाबांनी मला कारखान्यात घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, केबिन मिळेल. मिळाली ती ऐकायची खोली. कारखान्याच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींची, एकही खिडकी नसलेली. तयार झालेला प्रत्येक पंप तिथे आणून पाण्याच्या टाकीला जोडायचा आणि सहा तास चालू ठेवायचा. सहा! आणि तिथला राजा होता कानमास्तर. हे नाव त्याला कुणी दिलं ठाऊक नाही, पण त्याला दुसरं नाव असेल असं कुणाला वाटायचंही नाही. हातभर लांबीची शिसवी काठी. तिचं एक टोक पंपाला, दुसरं कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. पंप ठीक असेल तर खडूनं बुडाशी उभी रेघ. संशय असेल तर फुली. आणि अजून ऐकला नसेल तर गोळा. गोळा असलेला पंप खोलीबाहेर जाता कामा नये, हा बाबांचा नियम. पहिल्या दिवशी मी खुर्ची शोधत होतो तर कानमास्तर म्हणाला, "जावई असाल घरी. इथे फक्त कान." अकरा महिने त्यानं मला काठी धरून बसवलं. पहिले तीन महिने मला सगळे पंप सारखेच वाटले. मग एके दिवशी एका पंपापाशी माझ्याच पोटात काहीतरी खड्ड्यात गेल्यासारखं झालं आणि मी डोळे उघडले, तर तो माझ्याकडे बघून हसत होता. "आला ना? चौथा तास. लबाड पंप तीन तास सोंग करतो. तापला की मग खरं बोलतो." त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा मुख्य झालो तेव्हाही झाला नाही. पण तो कान एकदा उघडला की मिटत नाही हे त्यानं सांगितलं नाही. हॉटेलात, दवाखान्यात, मेहुणीच्या लग्नात, जिथे जाईन तिथे भिंतीमागे कुठला तरी पंप माझ्याशी बोलतोच. बायको म्हणते, तुमचं निम्मं लक्ष नेहमी दुसरीकडे असतं. खरंच असतं.

गाडी सिग्नलला थांबली होती आणि मागचा भोंगा वाजवत होता. मी निघालो. चार वर्षांपूर्वी मी मुख्य झालो तेव्हा कंपनीची अवस्था धड ना इकडे ना तिकडे अशी होती. नाव चांगलं, चाल मुंगीची. सगळे म्हणायचे, माल उत्तम, पण मिळतो कधी? मी वर्षभराची आकडेवारी काढली. मन लावून काढली, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. शंभर दोषी पंपांतले नव्वदाहून जास्त पहिल्या वीस मिनिटांत सापडत होते. उरलेल्या चार-दोन लबाडांसाठी आम्ही प्रत्येक पंपाला सहा तास ताटकळत ठेवत होतो. मी बोर्डापुढे उभा राहिलो आणि एक चित्र दाखवलं: पंपांची एक लांबलचक रांग आणि रांगेच्या तोंडाशी काठी घेतलेला एक म्हातारा. सगळे खो खो हसले. मीही हसलो. आवाज न ऐकणारं, फक्त पाण्याचा दाब मोजणारं यंत्र घेतलं, वीस मिनिटांचं. ऐकायच्या खोलीत सुटे भाग भरले. बाबा तोवर घरी बसले होते; त्यांना हे कुणी वहीत लिहून दाखवलं नाही. कानामागून आलं आणि तिखट झालं ते यंत्र. तिमाहीभरात माल दुप्पट बाहेर पडू लागला, नापास पंपांचं प्रमाण कोसळलं, आणि ते का कोसळलं हे कुणी विचारलं नाही, कारण कोसळलेला आकडा फार देखणा दिसत होता. आम्ही बघायचं बंद केलं होतं म्हणून दोष दिसायचे बंद झाले होते. एवढी सोपी गोष्ट, शाळेतल्या पोराला कळावी. पण कंपनीची किंमत चढत गेली, आणि चढत्या गोष्टीला कोण हटकतो? मासिकात माझा फोटो आला. त्याच भरात मी आणखी एक गोष्ट केली, तिचा मला सगळ्यात अभिमान होता: प्रत्येक कामगाराला थोडे थोडे शेअर दिले. कंपनी वाढली तर सगळे वाढतील. या चार वर्षांत अडतीस हजार पंप बाहेर पडले. जुन्या प्रमाणानं धरलं तर त्यातले शे-दोनशे चौथ्या तासाचे. कोणते, ते देवालाच ठाऊक. त्यातले काही आग विझवायच्या कामाचे, म्हणजे दवाखान्यांत आणि शाळांत तळघरात उभे असणारे, वर्षानुवर्षं कुणी न चालवलेले, आणि चालवायची वेळ आली तर ती एकदाच येणार.

कारखान्याच्या फाटकातून आत गेलो तो सरळ माल रवाना करायच्या टेबलाकडे. तिथे कानमास्तर खोक्यांवर पत्त्याची लेबलं चिकटवत होता. चार वर्षांत वाळला होता, पण ताठ. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही अजून गोळा काढता?"

"काढतो की." त्यानं मान वरही केली नाही. "ऐकला नाही तर गोळा. नियम आहे."

"ती खोली बंद होऊन चार वर्षं झाली."

"खोली बंद केल्याचा कागद आला, साहेब. नियम बंद केल्याचा आला नाही. मी वाट बघितली." त्यानं लेबलावरून अंगठा फिरवला, काळजीनं, चारही कोपरे. "तुम्हीच कधीतरी वाकून बघाल असं वाटलं होतं. अडतीस हजार वेळा वाटलं."

मला एकदम रडू आल्यासारखं झालं आणि रागही आला. मी त्याला सकाळचं सांगितलं. नळ, आवंढा, गरम अंग. तो ऐकत होता, डोळे मिटून, जणू काठी माझ्याच छातीला लावली होती. सांगून झाल्यावर म्हणालो, "माझ्याबरोबर चला. तुम्ही एकदा ऐका. तुम्ही फुली म्हणालात तर मी अकरा वाजता त्यांना सांगतो."

"मी कशाला? तुम्ही ऐकलंय की."

"माझी चूक होत असेल."

"तुमची चूक होत नाही. मी शिकवलंय." मग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. "साहेब, माझेही दोनशे शेअर आहेत. तुम्हीच दिलेत. आज विक्री झाली की मुलीच्या घराचं काम पुरं होतं. तीन वर्षं छप्पर अर्धवट आहे तिचं. म्हणून मला विचारू नका. ऐकू दिलं असतंत तर फुली काढली असती. ऐकू दिलं नाहीत, गोळा काढला. माझं काम तेवढं." त्यानं पुढचं खोकं ओढलं. आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघून हसत होती, नमस्कार करत होती. आज सगळ्यांचे कपडे धुतलेले होते. एक बाई तर चक्क नवी साडी नेसून आली होती. मी कुणाला दोष देणार? प्रत्येकाच्या खिशात मीच माझा एकेक तुकडा घातला होता, आणि आता माझ्या बाजूनं बोलायला कारखान्यात एकही रिकामा खिसा उरला नव्हता.

मीटिंगच्या खोलीबाहेर आमचा हिशेबप्रमुख उभा होता. त्याला आम्ही पाठीमागे सव्वालाखे म्हणतो, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण तो दिवसातून एकदा तरी वापरतोच. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "एकोणिसाव्या कागदाबद्दल बोलायचंय." त्यानं माझ्या हनुवटीवरचं कापलेलं बघितलं. "काय झालंय?" मी म्हणालो, पंपात दोष आहे. तो म्हणाला, "तक्रारी किती आल्यात?" मी म्हणालो, मोजक्याच; बेअरिंग झिजायला वेळ लागतो, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी सुरू होतील. "मग तुम्हाला कळलं कसं?" मी म्हणालो, नळाला कान लावला. तो हसला नाही, एवढं मानलं पाहिजे. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आत जाऊन हे असंच सांगा. नळाला कान लावला म्हणून सांगा. पाच मिनिटांत ते उठतील. उद्या बाजारात कळेल. सहा महिन्यांत फाटकाला कुलूप. तीनशे दहा घरं. आणि तो पंप कदाचित नुसता ग्रीस मागत असेल. झाकली मूठ..." "पुरे," मी म्हणालो. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. इकडे आड आणि तिकडे विहीर असं म्हणतात, पण ते म्हणणाऱ्याला निदान मधे उभं राहायला जागा असते.

आत घेणाऱ्यांकडची बाई होती, करड्या केसांची, शांत. पानं उलटत होती आणि मी सह्या करत होतो. पहिला, दुसरा, सातवा. खोलीत वातानुकूलन होतं, त्याचा पंखा एका बाजूनं घासत होता, आणि मी तेच ऐकत होतो. चौदावा. मला बाबांचे हात दिसत होते. मला तो अकरा महिन्यांचा अंधार दिसत होता आणि त्यात तो पहिला आवाज. सतराव्या पानावर मी ठरवलं, सांगायचं. अठराव्यावर शब्द जुळवले: एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. एकोणिसावं पान समोर आलं. त्या बाईनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "हे पान महत्त्वाचं. तुम्हाला काही सांगायचंय का?" ती इतक्या साधेपणानं म्हणाली, जणू तिला माहीत होतं, जणू तिला ऐकायचंच होतं. तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. काचेपलीकडे अंगणात माणसं जमली होती, ती नवी साडीही त्यात होती. घशात आवंढा आला आणि मी तो गिळला. तो आवाज मला ओळखीचा वाटला. "पाणी मिळेल का?" मी म्हणालो. पाणी आलं. प्यायलो. सही केली.

संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर फुलांचे तीन गुच्छ होते आणि बायको फोनवर कुणाला तरी सांगत होती की हो, झालं बाई एकदाचं, आता सुटलो. तिनं माझा हात दाबला. तिचा चेहरा इतका मोकळा मी किती वर्षांनी बघत होतो. मी कोट काढला. दिवा सांगायचं विसरलो होतो, म्हणून बाबा हात धुवायला आमच्या न्हाणीघरात गेले होते. संध्याकाळच्या पाण्याची वेळ होती, खालचा पंप चार वाजल्यापासून चालू होता. मी बाहेरच्या खोलीत उभा राहून मनात म्हणत होतो, लवकर या बाहेर, बाबा, लवकर या. आले नाहीत. मग त्यांचा तो मोठ्ठा आवाज आला, "जावईबापू! जरा इकडे या!"

ते भिंतीतल्या पाइपवर उजवा तळहात ठेवून उभे होते. डोळे मिटलेले. ओला हात, कोपरापर्यंत पाण्याचे ओघळ. मी आल्याचं त्यांना जमिनीवरूनच कळलं. डोळे न उघडता म्हणाले, "मोटरकडचं बेअरिंग. बरोबर?" मी मान हलवली; त्यांनी बघितली नाही, पण त्यांना उत्तर नकोच होतं. मग डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, आणि या वेळी आवाज लहान होता, जेमतेम माझ्यापुरता, "आपला आहे का हा?" मी वही आणली. पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं. बेसिनच्या कडेवर वही टेकवून मी लिहिलं, 'नाही. दुसऱ्या कंपनीचा.' दिवसातली ही माझी शेवटची सही.

बाबांनी वाचलं. दोनदा वाचलं. त्यांचे खांदे सैल झाले, आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला. "मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्या खोलीतून हा सुटला कसा." ते हसले. मग पाइपवरचा हात तसाच ठेवून गंभीर झाले. "पण ऐका. कुणाचा का असेना, माहीत झाल्यावर गप्प बसू नये. त्यांचा जो कोण मुख्य असेल ना, त्याला उद्या सकाळी फोन करा. तुमचं पोर आजारी आहे असं सांगतात तसं, नीट सांगा. भला माणूस असेल तर उपकार मानेल." बाहेरून बायको विचारत होती की काय चाललंय तुमचं आत. मी वहीत लिहिलं, 'करतो.'

"नंबर आहे ना त्याचा तुमच्याकडे?" बाबांनी विचारलं.